आतून ठोकलेला कापूस

१

माझ्या धाकट्या भावाने, प्रितेशने, आयुष्यात एक काम धड केलं असेल तर शपथ. शाळा अर्धी सोडली. ट्रॉलरवरची नोकरी अर्धी सोडली. त्या नोकरीत दोरखंडात सापडून उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर गेलं, म्हणजे बोटही अर्धंच. एक गोष्ट तेवढी त्याने पूर्ण केली, ती ही मोटारसायकल, आणि तीही अशी की दुसऱ्या कोणाला उघडता येऊ नये.

तारकर्लीत आमच्या घरामागे मांगर आहे, सामान ठेवायची कौलारू खोप. आमच्या वडिलांच्या वेळी तिथे जाळी आणि वल्ही असायची, आता तिथे माझं गॅरेज आहे. दोन भंगारातल्या गाड्या कापून, जोडून प्रितेशने फ्रेम इथेच बनवली. पुढून लांब, मागून आखूड. पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि हा कौतुकाने फुगायचा.

गाडीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी भाग असतो, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो फ्रेमला एका लांब पिनेवर टांगलेला असतो आणि ती पीन फ्रेमच्या आडव्या पाईपातून आरपार जाते. पीन ग्रीस लावून बसवायची, म्हणजे कधीही काढता येते. शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण खाऱ्या हवेत ग्रीस टिकत नाही, असं म्हणून या शहाण्याने पिनेच्या दोन्ही टोकांना कापूस आणि राळ ठोकून भरली. होडीच्या फळ्यांमधल्या फटी आम्ही अशाच भरतो. मोटारसायकलला होडी समजायचा उद्योग होडीवाल्याच्याच घरात होऊ शकतो.

वर हसून म्हणाला होता, "ही आता माज्याच हातान सुटतली. दादाच्या बापाक पण सुटाची नाय." आमचा बाप एकच, हे त्या गाढवाच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी तो पहाटे ही गाडी घेऊन देवबागच्या टोकाकडे गेला. गाडी मिळाली. ओहोटीच्या ओल्या वाळूत स्टँडवर उभी होती, चावी लावलेली. वाळूत चाकांची खूण होती, पावलांची नव्हती. तो मिळाला नाही.

त्याची बायको वर्षाली तेव्हापासून वाट बघते. रात्री ताटं वाढताना एक ताट जास्त मांडते. त्यातला भात गार होतो आणि सकाळी कावळ्यांना जातो. कुडाळच्या दवाखान्यातली तिची नोकरी गेली, तिचं अंग काट्यासारखं झालं, दोनदा विहिरीवर चक्कर येऊन पडली. त्यांची मुलगी दीपिका माझ्या बायकोजवळ, सारिकाजवळ झोपते आणि शाळेत सांगते की बाबा बोटीवर आहेत. ते जास्तीचं ताट बघितलं की माझं डोकं फिरतं. एकदा मी ते उचलून अंगणात भिरकावलं. वर्षालीने ते विसळलं आणि पुन्हा मांडलं.

शेवटी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, "गो, आता विधी करून टाकूया. दर्भाचो पुतळो करून अग्नी देवया. पोरीकडे बघ, तुज्याकडे बघ. असा किती दिवस?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "भावोजीनू, ती पीन माज्याच हातान सुटतली, असा ते म्हणाले हुते. तुमच्या हातान सुटली, तर ते नाय आसत, ह्या मी मानतंय. मगे तुमी सांगशात तसा करूया."

पीन सुटली तर तो गेला. नाही सुटली तर तो आहे. असला हिशोब जगात कोणी ऐकलाय का? पण माझ्या हातात पाने होते, पीन ठोकून काढायचा सुंबा होता, हातोडा होता. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत सुटते.

२

सकाळी गाडी सरळ उभी बांधली आणि डाव्या टोकाचा कापूस टोचणीने उकरायला घेतला. राळ दगडासारखी झाली होती. तुकडे पडत गेले आणि खाली कापसाची वळी दिसली. तिथे माझा हात थांबला.

कापूस बाहेरून ठोकला की बाहेरचं तोंड सपाट होतं, त्यावर छिन्नीच्या खुणा राहतात, आणि तंतू आतल्या बाजूला पिंजारून निघतात. लहानपणापासून मी हजारो हात कापूस भरलाय, हे मला झोपेतही कळेल. इथे तंतू माझ्याकडे पिंजारलेले होते. मी वळी ओढून काढली आणि उलटी केली. सपाट तोंड आतल्या बाजूला होतं. त्यावर छिन्नीच्या खुणा होत्या, ओळीने आणि नीट.

म्हणजे कापूस आतून ठोकला होता. अंगठा जेमतेम जाईल एवढ्या पाईपाच्या आतून.

मी स्वतःलाच झापलं. त्याने वळी आधी बाहेर ठोकून तयार केली असेल आणि मग उलटी बसवली असेल. सरळ काम करायचंच नाही, हा त्याचा बाणा. मी ती वळी खिडकीत ठेवली, उजव्या टोकाचाही कापूस उकरून काढला आणि पिनेला डिझेल सोडलं.

मुरायला तास दिला. मग सुंबा लावला आणि ठोकलं. पीन हलली नाही. पुन्हा ठोकलं. हातोडा खाली ठेवून कपाळ पुसत होतो, तेवढ्यात पाईपातून एक ठोका आला.

फार मोठा नाही. लाकडाने लाकडावर मारावं तसा बद्द आवाज.

लोखंड गार होताना आवाज करतं, मला माहीत आहे. पण मी ते अजून तापवलंच नव्हतं. आतलं बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, सुटून आपटलं असेल. मी पुन्हा ठोकलं आणि थांबलो. मांगराच्या कौलांवर झावळ घासत होती. बाहेर सारिका कोंबड्यांना हाकलत होती. मग आतून एकच ठोका आला, नीट ऐकू येईल असा.

होडी दुरुस्तीला टेकूंवर चढवली की वडील आम्हा दोघांना कामाला जुंपायचे. मी मोठा, म्हणून बाहेरून कापूस ठोकायचा. प्रितेश होडीच्या पोटात बसून बघायचा. एक फट भरली की मी हातोडा मारून विचारायचो आणि तो आतून उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे अजून उजेड दिसतो, भर. दोन ठोके म्हणजे मिटली, पुढे चल. आमच्या वाडीत सगळेच असं करतात. वर्षालीच्या माहेरीही करतात.

हे आठवलं आणि मला भीती वाटायच्या ऐवजी संताप आला. लोखंडाचा तुकडा आहे, त्याला मी कशाला उत्तर मागतोय? मी हातोडा भिंतीवर फेकून मारला आणि जेवायला गेलो.

३

दुसऱ्या दिवशी जितेंद्र आला. त्याचं मालवणात वेल्डिंगचं दुकान आहे, माझ्याबरोबर शाळेत होता. गॅसची नळकांडी आणि बत्ती घेऊन आला आणि येतानाच म्हणाला, "तुका एक पीन सुटत नाय? दुकान बंद कर आणि भजी तळूक बस."

त्याने पाईपाला आच दिली. लोखंड लाल व्हायला लागलं तशी डाव्या तोंडातून पाण्याची धार लागली. थेंब नव्हे, धार. वाफ नाही, फेस नाही, थंड पाणी. जितेंद्रने बत्ती बंद केली. मी पाणी बोटावर घेऊन चाखलं. खारं होतं.

"ह्या पाणी खंयसून इला रे?"

"समुद्रात भिजली हुती गाडी. पाईपात रवला आसतला."

"दोन वर्सां?"

"रवता कधी कधी," मी म्हटलं. माझं मलाच पटलं नव्हतं.

जितेंद्र खाली वाकला. फरशीवरच्या ओलीत नखाएवढं काहीतरी उडत होतं. कोळंबीचं पिल्लू. काचेसारखं आरपार, आणि जिवंत. त्याने ते तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आणि ह्या? ह्याव दोन वर्सां रवला?"

जितेंद्र हात पँटीला पुसत राहिला, पिल्लू कधीच पडलं होतं तरी. मग हळू आवाजात म्हणाला, "गुणाजी, कापून टाक. मी कटर आणतंय. दोन मिन्टाचा काम आसा. ह्याच्या नादाक लागू नको."

"कापूक नाय." दारात वर्षाली उभी होती. कधी आली होती कोण जाणे. "सुटाक व्हयी. कापलेला मी मानूचंय नाय."

"अगो, पण—"

"सुटाक व्हयी," ती म्हणाली आणि गेली.

जितेंद्रने नळकांडी उचलली आणि तोही गेला. चहासुद्धा घेतला नाही. मी बसून राहिलो. धार बारीक होत गेली आणि दुपार उलटल्यावर थांबली. मी मागच्या दाराने खाडीकडे बघितलं. पाणी उतरलं होतं, खांबांचे शिंपले उघडे पडले होते. ओहोटी लागली होती. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण तिसऱ्या दिवशी भरती चढली तशी पाईपाला धार लागली, आणि उतरली तशी थांबली. योगायोगाला पण काही लाज असते.

४

चौथ्या दिवशी वर्षाली विहिरीवर तिसऱ्यांदा पडली. या वेळी दीपिकाच्या समोर. पोरगी ओरडली नाही. पळत मांगरात आली, माझा शर्ट धरला आणि म्हणाली, "काका, आई उठत नाय." दहा वर्षांचं पोर, आणि आवाज एखाद्या म्हातारीसारखा थकलेला.

आम्ही वर्षालीला उचलून आत निजवलं. तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "सुटली?"

मी मांगरात आलो आणि दार लावलं. मोठा घण काढला. कलत्या दुपारची ओहोटी होती, खाडी रिकामी. सुंबा लावला आणि सगळं अंग घालून हाणायला लागलो. दर घावाबरोबर बोललो. जे दोन वर्षांत कोणाजवळ बोललो नव्हतो ते सगळं बोललो.

"खंय गेलंस रे? कित्याक गेलंस? सांगान जाऊक काय झाला हुता? बायल मरता तुजी. पोर झुरता. तू नाय तर नाय म्हणान सांग. आसस तर भायर ये. अर्धा काम करून ठेवतंस आणि निस्तरूचा आमी? ह्याव अर्धाच? मरणाव अर्धा?"

पीन तसूभर हलली नाही. सुंब्याचं डोकं फुटलं आणि एक कपची माझ्या गालाला चिरून गेली. मी घण टाकला. खाली बसलो, गुडघ्यांत डोकं घालून. त्याच्यावर एवढा राग होता की रडूही येत नव्हतं.

मग आवाज झाला. घासल्याचा.

मी वर बघितलं. पीन हलत होती. माझ्यापासून दोन हातांवर, मी हात न लावता. आधी थोडी फिरली, स्क्रू फिरवावा तशी. मग डाव्या तोंडातून बोटभर बाहेर आली. थांबली. पलीकडून कोणी दम घेऊन पुन्हा ढकलावं तशी अजून बोटभर आली. मी बघत राहिलो. उतार आहे, असं मनात आलं. आचेने सैल झाली असेल, घणाने सुटली असेल, आता वजनाने येतेय. पण गाडी मी समपातळीत बांधली होती. पीन हळूहळू सगळी बाहेर आली आणि फरशीवर पडली. तिच्यावर गंज नव्हता. ती ओली होती आणि झगझगीत घासलेली होती.

त्या आवाजाने वर्षाली आली. भिंत धरत आली होती. तिने जमिनीवरची पीन बघितली, मग माझा रक्ताळलेला गाल, मग फुटका सुंबा.

"तुमी काढल्यात?"

मी उठलो आणि पीन उचलली. ती थंडगार होती.

"होय," मी म्हटलं. "माज्या हातान."

तिने मान हलवली. रडली नाही. तिथेच खाली बसली, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा तिने भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

५

विधी किनाऱ्यावर झाला. भटजींनी दर्भाचा पुतळा बांधला, वर्षालीने त्यावर प्रितेशचा निळा शर्ट घातला, मी अग्नी दिला. दर्भ वाळलेलं असतं, क्षणात जळतं. माणूस एवढ्या पटकन जळत नाही, म्हणून मला ते खोटं वाटलं. पण संध्याकाळी वर्षाली वाटीभर पेज प्यायली आणि दीपिका तिच्या कुशीत झोपली. तिने ताटं मांडली ती मोजकी मांडली. दुसऱ्या दिवशी तिने कुडाळच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनी सुतक संपल्यावर सोमवारी ये म्हणून सांगितलं. मी खोटं बोललो होतो आणि ते खोटं औषधासारखं लागू पडलं होतं. मला त्याची जराही लाज वाटली नाही.

बाकी सगळी गाडी उकलून झाली होती, राहिला होता नुसता चिमटा. पीन निघाली तरी तो पाईपाच्या दोन्ही अंगांना चिकटून होता. मांगरातून ही गाडी आता नाहीशी करायची, असं ठरवून मी दुपारी आत गेलो. वर्षाली पलीकडच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. मध्ये फक्त कुडाची भिंत.

चिमट्याला दोन थापा मारल्या, तर तो चुपचाप सुटून हातात आला. मी फ्रेम खिडकीसमोर धरली आणि पाईपातून बघितलं. आरपार भोक, पलीकडे खिडकीचा उजेड दिसायला हवा होता. दिसला नाही. मी फ्रेम फिरवली आणि पलीकडच्या तोंडाने बघितलं. तिकडूनही काळोख. दीड हात लांब सळी घातली, तर हातभर पाईपात ती सगळी आत गेली, पलीकडून बाहेर आली नाही आणि टोक कशालाच लागलं नाही.

तेवढ्यात पाणी आलं. भरतीची वेळ होती. या वेळी धार नव्हती, लोंढा होता. माझ्या छातीवर आपटला आणि फरशीवर पसरला. त्याला समुद्राच्या तळाचा वास होता, जाळ्यातून कुजकं काही वर येतं तेव्हा येतो तो. मी तोंड पुसून पुन्हा आत बघितलं.

आतून कोणीतरी कापूस भरत होतं.

ओला, काळपट कापूस तोंडाजवळ येत होता आणि पाणी तो परत लोटून देत होतं. तो पुन्हा येत होता. त्याच्या मागून एक बोट तो दाबत होतं. पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं बोट. त्याला पुढचं पेर नव्हतं.

ते थरथरत होतं. दोन वर्षं कोणी दाराला खांदा लावून उभं असावं, इतकं दमलेलं दिसत होतं. पीन त्याचं बूच होती, आणि मी मागितली म्हणून त्याने ती मला दिली होती. त्या बोटाच्या मागे, पाण्याच्या आत, अजून काहीतरी होतं. ते मोठं होतं आणि सरकत होतं. मी ते नीट बघितलं नाही. आजपर्यंत त्याबद्दल मी स्वतःला हेच सांगत आलोय.

मला कळत होतं, मी काहीच करायला नको. ठोकलं की तो उत्तर देणार. भिंतीपलीकडे वर्षाली बसलीय, आणि तिला ती भाषा येते. गप्प बसलो तर ती सोमवारी कुडाळला जाईल, जेवेल, जगेल. बोट हळूहळू मागे सरकत होतं.

"मेल्या," मी दातांतल्या दातांत म्हटलं, "एक काम तरी माज्याशिवाय कर."

आणि फळीवरून वडिलांचा लाकडी हातोडा घेतला. छिन्नी घेतली. खिडकीतली कापसाची वळी घेतली, गोणीतला अजून कापूस घेतला आणि बाहेरून ठोकायला लागलो. पाणी माझ्या कोपरांवरून वाहत होतं. एक थर भरला आणि सवयीने हात थांबला.

आतून एक ठोका.

अजून भरला. दोन्ही बाजूंनी भरला. छिन्नी निसटून अंगठा ठेचला. मी शिव्या देत होतो, त्याला, समुद्राला, भटजीला, स्वतःला. पुन्हा एक ठोका आला. पलीकडे सुपाचा आवाज बंद झाला होता. मला ते ऐकू आलं आणि तरी मी थांबलो नाही. तिसरा थर दाबून भरला, वर राळ ओतली. पाणी थेंबावर आलं. मग थेंबही थांबले.

मी वाट बघत राहिलो. आतून सावकाश दोन ठोके आले.

दारात वर्षाली उभी होती. हातात सूप तसंच होतं. तिने मला बघितलं, फ्रेमकडे बघितलं, माझ्या एका हातात हातोडा आणि दुसऱ्यात छिन्नी आहे हे बघितलं. फरशीवर घोटाभर समुद्र होता.

"भावोजीनू," ती म्हणाली, "पीन कोणी काढल्यान?"

मी हातोडा खाली ठेवला. तिने काय ते ओळखलं आणि सूप घेऊन परत गेली.

भरती दिवसातून दोनदा येते. आता दोन्ही वेळा मी मांगरात जातो, राळेवरून हात फिरवतो आणि एकदा ठोकून विचारतो. फ्रेम तिथेच आहे. जितेंद्र आला तर त्याला आत घेत नाही. कुडाळचा फोन आला होता, वर्षालीने तो उचलला नाही.

कापूस भरला त्या संध्याकाळी तिने ताटं मांडली, तेव्हा एक जास्त होतं. सारिकाने माझ्याकडे बघितलं. दीपिकाने ताटाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी ते उचलून भिरकावणार, असंच सगळ्यांना वाटलं असणार. संताप तसाच होता, नखाएवढाही कमी झाला नव्हता. मी डाव उचलला आणि आधी त्याच्या ताटात भात वाढला.